ब्राह्मी-सुंदरीच्या वर्गाचा निकाल

२०२५ साली अक्षय तृतीया ३० एप्रिलला आली. वर्षीतपाच्या आराधकांनी त्या दिवशी उसाच्या रसाने पारणे केले आणि हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांच्या हातून भगवान ऋषभदेवांना घडलेल्या पहिल्या आहारदानाचे स्मरण घरोघर झाले. कळवण परिसरात हाच सण ‘आखाजी’ या नावाने येतो. लेकी माहेरी येतात, झाडांच्या फांद्यांना झोके बांधले जातात, अहिराणी गाणी उठतात. त्याच सुमारास शेतात उन्हाळ कांदा काढून चाळीत भरण्याची घाई चाललेली असते, आणि पेठेतल्या माणसाला सण व सौदा या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

या गडबडीत सणाच्या दुसऱ्या दिवशी तालुक्यात आणखी एक गोष्ट घडली. प्राथमिक शाळांचे निकाल लागले. दहावी-बारावीच्या निकालाची वर्तमानपत्रांत पाने भरतात. पहिली ते चौथीच्या निकालाची बातमी कोणी देत नाही. व्यापारी घरांत तर तो दिवस बहुधा लक्षातही राहत नाही, कारण घरची मुले आता शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. एके काळी याच घरांतले आजोबा, पणजोबा गावच्या मराठी शाळेच्या पटावर होते, एवढी आठवण कुठे कुठे उरली आहे.

वाडी-पाड्यावरची लहान शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, बाजूला खिचडी शिजवायची पत्र्याची खोली, भिंतीवर रंगवलेली मुळाक्षरे आणि पटावर वीस, तीस, फार तर चाळीस मुले. एक किंवा दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. म्हणजे दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता एकाच वेळी सांभाळायच्या. पहिलीची मुले पाटीवर ‘ग’ गिरवत असताना पलीकडे चौथीचा भागाकार चाललेला असतो. १ मे रोजी सकाळी ध्वजवंदन होते, महाराष्ट्र गीत म्हटले जाते आणि मग प्रगतिपत्रके वाटली जातात. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले हे सर्वांना ठाऊक असते. जिल्हा परिषदांचा कारभारही १ मे १९६२ याच तारखेला सुरू झाला आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तेव्हा हा दिवस या शाळांच्या मालक संस्थेचाही वाढदिवस म्हणायचा. पण तो कोणी साजरा करीत नाही.

त्या वर्षी निकालाला घाईही झाली होती. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिलच्या दरम्यान घेण्याचे ठरले होते. पेपर २५ तारखेला संपणार आणि निकाल १ मे रोजी. उत्तरपत्रिका तपासणे, नोंदी करणे, पत्रके भरणे यांसाठी शिक्षकांच्या हाती पाच दिवस उरले, त्यात रविवार आणि आखाजी. शिक्षक संघटनांनी कुरकूर केली, ती अगदीच अकारण नव्हती. उन्हाच्या झळांत मुलांना शाळेत बसवण्यालाही पालकांचा विरोध होता. तरीही निकाल ठरल्या दिवशी लागले.

आता या निकालात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. २०१० नंतर आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने क्रमांक गेले आणि श्रेणी आल्या. आकारिक आणि संकलित अशा दोन भागांत मुलाचे वर्ष मांडले जाते. ‘ढकलपास’ हा शब्द लोकांनी त्यावर चिकटवला. डिसेंबर २०२३ मध्ये शासनाने पाचवी आणि आठवीसाठी उत्तीर्ण होण्याची अट परत आणली, पण चौथीपर्यंतच्या शाळेला तिचा स्पर्श नाही. तेव्हा कागदावर पाहिले तर या शाळांत वर्षअखेर सगळेच यशस्वी, आणि म्हणून बातमी काहीच नाही. खरी बातमी कागदाच्या बाहेर असते. ओट्यावर पत्रक घ्यायला आलेली आई विचारते, ‘पास झाला का?’ आणि शिक्षक सांगतात, ‘आता वाचतो.’ या दोन शब्दांमागे किती कष्ट असतात, हे समजायला थोडे मागे जावे लागते. जैन वाचकाला तर अगदी आदिनाथांपर्यंत.

कळवणच्या शेजारच्या बागलाण तालुक्यात मांगीतुंगी हे सिद्धक्षेत्र आहे. तिथल्या डोंगरात अखंड पाषाणातून कोरलेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीचा पंचकल्याणक सोहळा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला. दर्शनाला जाणाऱ्या अनेक घरांना आदिनाथांची एक कथा लहानपणापासून माहीत असते. भगवंतांनी आपल्या दोन कन्यांना, ब्राह्मी आणि सुंदरीला, जवळ बसवून विद्या दिली. उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी शिकवली आणि डाव्या हाताने सुंदरीला अंक. म्हणून अक्षरे डावीकडून उजवीकडे चालतात आणि अंकांचे मोल उजवीकडून डावीकडे, एकक, दशक, शतक असे वाढत जाते, असा या कथेचा अर्थ परंपरेने सांगितला आहे. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना हेही आठवेल की, ऋषभदेवांनी लोकांना दिलेल्या बहात्तर कलांमध्ये लेखन पहिले आणि गणित प्रधान मानले आहे.

कथेतील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या पहिल्या वर्गात विद्यार्थी दोनच होते, आणि दोन्ही मुली होत्या. दोन मुलींच्या त्या शाळेला कोणी ‘कमी पटाची शाळा’ म्हटले नाही.

ब्राह्मी-सुंदरीचा हा पाठ आज शासनाच्या भाषेत ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान’ या लांबलचक नावाने ओळखला जातो. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत देशातील प्रत्येक मूल तिसरी संपेपर्यंत समजून वाचू शकेल आणि साधी आकडेमोड करू शकेल, हे त्याचे ध्येय आहे. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे झाल्यावर असे ध्येय ठेवावे लागते, यातच दुखणे किती खोल आहे ते दिसते. मुले शाळेत येतात, वर्गात बसतात, वरच्या इयत्तेत जातात. पण वाचता येणे मागे राहून जाते. आणि जे मूल तिसरीत वाचायला शिकले नाही त्याला चौथीपासून पुढचे प्रत्येक पुस्तक परके होते, मग ते परिसर अभ्यासाचे असो की गणिताचे, कारण गणितातही उदाहरण आधी वाचावेच लागते.

कळवण तालुक्यात या वाटेवर एक आणखी चढ आहे, तो भाषेचा. तालुका आदिवासीबहुल आहे; एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे एक कार्यालय कळवणलाच आहे. पश्चिमेकडच्या डोंगरी भागात कोकणा, महादेव कोळी, भिल्ल समाजांची वस्ती आहे आणि घरात कोकणी बोली चालते. ही गोव्या-सिंधुदुर्गाची कोकणी नव्हे. कोकणा समाजाची डोंगरातली बोली. पूर्वेकडे सरकले की अहिराणी लागते. सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा पुस्तकातली मराठी त्याच्या कानाला पाहुणी असते. पाठ्यपुस्तकातला शब्द त्याने उच्चारला तरी त्याची वस्तू डोळ्यांपुढे येतेच असे नाही. चांगले शिक्षक म्हणून पहिले काही महिने बोलीतच गोष्टी सांगतात, बोलीतला शब्द आणि पुस्तकातला शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितात आणि मग हळूहळू मुलाला पुस्तकाच्या काठावर आणतात. घाईने पुस्तक पुढे केले की मूल पाठ करते, वाचत नाही. परीक्षेला आलेल्या साहेबांपुढे ते धडा धडाधड म्हणून दाखवते, आणि बोट दुसऱ्या ओळीवर ठेवले की गप्प होते.

भाषेचा हा प्रवास व्यापारी घरांना नवा नाही. ज्या मारवाडी, गुजराती कुटुंबांनी पिढ्यांपूर्वी या खोऱ्यात दुकाने मांडली, त्यांच्या मुलांची घरची बोली एक, गल्ल्यावर गिऱ्हाइकाशी बोलायची अहिराणी दुसरी आणि शाळेतली मराठी तिसरी होती. तिन्ही भाषा त्यांनी पेलल्या, कारण तिन्हींत रोज व्यवहार होत होता. डोंगरातल्या मुलाला पुस्तकी मराठी रोज ऐकवणारे ठिकाण शाळेखेरीज दुसरे नसते. शाळा बंद असली की ती भाषाही बंद होते. जूनमध्ये शिक्षकाला पुन्हा अर्ध्यावरून सुरुवात करावी लागते.

आता सुंदरीचे अंक. मराठीतील संख्यानामे मुलांना अवघड जातात, कारण लिहिताना आधी दोन आणि मग पाच, पण बोलताना आधी ‘पंच’ आणि मग ‘वीस’. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्या ‘वीस पाच’, ‘साठ तीन’ अशा सुट्या वाचण्याची रीत जोडीला दिली गेली, तेव्हा राज्यभर मोठा गदारोळ झाला. विधिमंडळापर्यंत थट्टा पोचली. जोडाक्षरांनी आणि उलट क्रमाने अडणाऱ्या मुलांसाठी ती पायरी होती, जुनी नावे कोणी पुसली नव्हती. पण ‘पंचवीस’ हातचे जाणार या भीतीपुढे ते कोणी ऐकले नाही. डोंगरातल्या शाळेतील शिक्षकांना मात्र त्या वादाचे नवल वाटले असेल. त्यांची मुले पुष्कळदा त्याच पायरीवर पाय ठेवून वर चढतात.

पेढीवरच्या जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असत. भाव मणाचा, माल शेरात, आणि हिशेब कागदाविना. मेट्रिक पद्धत आणि गणकयंत्र आल्यावर ते पाढे विरले. नातवाला पावकी म्हणजे काय हे सांगावे लागते. पाढ्यांचे वेड आज कुठे टिकून असेल तर ते नाशिक जिल्ह्यातच, पण भलत्याच ठिकाणी सापडते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी या लहानशा आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस आणि रोज सुमारे बारा तास भरते. शिक्षक केशव गावित यांच्या हाताखालची तिथली मुले हजारापलीकडचे पाढे म्हणतात, संविधानातील कलमे सांगतात आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहितात. उजव्या हाताने लिपी आणि डाव्या हाताने अंक ही कथा ज्यांनी ऐकली आहे त्यांनी हिवाळीच्या मुलांना एकदा पाहावेच.

तरी एक सावधगिरी हवी. हिवाळी हा एका माणसाच्या असामान्य निष्ठेचा परिणाम आहे. बाराही महिने, सुट्टी न घेता, घरदार बाजूला ठेवून कोणी शिकवले तर त्याला वंदन करावे. पण प्रत्येक शिक्षकाने तसेच जगावे ही अपेक्षा ठेवणे म्हणजे तपस्व्याच्या मासखमणाकडे बोट दाखवून एकासणे करणाऱ्याला हिणवण्यासारखे आहे. वाडीवरच्या साध्या शाळेत वर्षअखेर तीसपैकी सत्तावीस मुलांना एकोणतीसपर्यंतचे पाढे आले नाहीत, पण हातच्याची वजाबाकी कळली, तर ते वर्ष वाया गेले असे नाही.

अशा शाळेला बाहेरच्या जगात मान मिळवून देणारी एकच गोष्ट पूर्वी होती, ती म्हणजे चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा. एखादे मूल गुणवत्ता यादीत आले की गाव शिक्षकाचा सत्कार करी, पेठेतली मंडळी त्या मुलाला दप्तर, कपडे घेऊन देत. २०१६-१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला नेण्यात आली. पाचवीचा वर्ग नसलेल्या लहान शाळांच्या हातून ती सुटली. मुलाला घडवायचे एका शाळेने आणि नाव लागायचे दुसरीचे, असे झाले. नवोदयची परीक्षाही पाचवीतच असते. जिल्ह्याचे नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. २०२५ मध्ये शासनाने शिष्यवृत्ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे आणण्याचा निर्णय घेतला. सरावाची पुस्तके पुन्हा वाडीवर जातील.

परंतु १ मेच्या सकाळी शिक्षकाच्या मनात शिष्यवृत्ती नसते, पाढेही नसतात. त्याच्या मनात पट असतो.

चौथीची सात मुले दाखला घेऊन जाणार. पहिलीत येणारी तीनच दिसत आहेत. पंचवीसाचा पट एकवीसवर येणार. पट घसरला की संच मान्यतेत शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की चार इयत्ता एकट्यावर पडतात; मग ज्यांना परवडते ते पालक मुलाला जीपमध्ये बसवून तालुक्याच्या गावी पाठवतात आणि पट आणखी घसरतो. असे हे चाक एकदा फिरू लागले की थांबवणे फार कठीण. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्यात २०२३ पासून पुढे आला. मैदानी भागात तो कदाचित सोयीचा ठरेल. डोंगरात पावसाळ्यातला एक ओढाही सहा वर्षांच्या मुलीसाठी शाळा दूर करायला पुरतो. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, ही नियमातली अट अशा मुलीसाठीच लिहिलेली आहे.

पटाला दुसरी गळती लागते ती स्थलांतराची. दिवाळीनंतर डोंगरी गावे रिकामी होऊ लागतात. सुरगाणा, पेठ, कळवण भागातील मजूर कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. छाटणीपासून खुड्यापर्यंतचा हंगाम तिथेच झोपड्यांत निघतो. काही कुटुंबे कांदा लागणीला आणि काढणीला गावोगाव फिरतात. आईवडील गेले की मूल जाते. आजी मागे राहिली तरच ते शाळेत टिकते. हजेरीपटावर नोव्हेंबरपासून त्या नावापुढे रिकाम्या चौकटी सुरू होतात. शासनाने यासाठी हंगामी वसतिगृहे काढली, शिक्षण हमी कार्ड आणले, ते दाखवून मूल जाईल त्या गावच्या शाळेत बसू शकते. ‘बालरक्षक’ म्हणून काम करणारे शिक्षक अशा मुलांचा माग काढतात. पण कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहते आणि बाग शाळेपासून तीन मैल असते. एप्रिलमध्ये परीक्षेपुरते मूल परत येते. त्याला श्रेणी मिळते, ते वरच्या वर्गात जाते. वर्षभराच्या दोनशे दिवसांतले नव्वद दिवस ते कुठे होते, याची नोंद प्रगतिपत्रकात नुसत्या एका आकड्याने होते.

ते कुठे होते, हे पुष्कळदा पेठेला ठाऊक असते. कांद्याच्या खळ्यावर बायका गोलाकार बसून माल निवडतात. गोल्टी वेगळी, दुभाळका वेगळा, चांगला माल गोणीत. त्यांच्या मागे सावलीला सात-आठ वर्षांची एखादी मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली असते. ती कामावर नसते; खळ्याच्या मालकाने तिला कामाला लावलेले नसते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला ठेवणे कायद्याने सर्वत्र बंद आहे आणि बहुतेक व्यापारी तो नियम पाळतातही. ती मुलगी केवळ भाऊ सांभाळते. आणि तेवढ्याने तिची दुसरीची, तिसरीची वर्षे निघून जातात. ब्राह्मी आणि सुंदरी पित्याच्या शेजारी बसल्या, तेव्हा त्यांच्या मांडीवर दुसऱ्याचे मूल नव्हते.

अशा मुलीसाठी दरवाजा उघडा आहे, हे फार थोड्या जणांना माहीत असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही किंवा सत्र अर्धे उलटले आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने प्राथमिक शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. खळ्याजवळच्या शाळेत डिसेंबरातल्या कोणत्याही सोमवारी तिला नेऊन बसवता येते; दुपारचे जेवण आणि पाठ्यपुस्तके तिला तिथे मिळतात. अडचण उरते ती धाकट्या भावाची. त्याला जवळच्या अंगणवाडीत ठेवता आले तर ठीक. नाही तर खळ्यावर एक छपरी, पाण्याचा माठ, सतरंजी आणि मुलांकडे बघायला निवडणाऱ्या बायकांपैकीच एक वयस्क बाई, तिची त्या दिवसाची मजुरी धरून. हंगामातल्या एका ट्रकच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही. बांधकामांच्या जागांवर असे पाळणाघर चालवण्याची पद्धत मुंबई-पुण्यात कित्येक वर्षांपासून रूढ आहे.

जैन समाजाने शाळेला दिले नाही, असे म्हणण्याला जागा नाही. चांदवडचे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ पासून उभे आहे आणि नाशिक जिल्ह्यातील कितीतरी घरांची मुले तिथून शिकून गेली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी १९९३ च्या लातूर भूकंपानंतर बाराशे मुलांना पुण्यात आणून शिकवले आणि पुढे २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांतून ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला. तो नंतर शासनाने राज्यभरातील शाळांत नेला. त्यात देणगीचा फलक कुठेच नव्हता. शिक्षकाने रोजच्या तासात मुलांना जोडीने, गटाने कसे बोलते करावे, याची ती पद्धत होती.

आणि कर्मवीर भाऊराव पाटील. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या या माणसाने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग उभे केले. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने, अगदी मंगळसूत्रही गेले, हे पुष्कळांना माहीत असते. कमी माहीत असते ते हे की, महाविद्यालये काढण्याआधी त्यांनी सातारा भागातील ज्या खेड्यांत सरकारी शाळा पोचली नव्हती तिथे शेकडो ‘व्हॉलंटरी’ शाळा चालवल्या. एक शिक्षक, गावाने दिलेली देवळातली किंवा चावडीतली जागा आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी मुले. भाऊरावांनी आधी व्यापारी कारखान्यांचा माल गावोगाव विकला होता. ओगल्यांचे कंदील घेऊन ते फिरले होते. कोणत्या वाडीवर काय पोचत नाही, हे फिरत्या विक्रेत्याला पुस्तकी माणसापेक्षा आधी कळते.

आजही ते पेठेलाच आधी कळते. कोणत्या गावची माणसे या वर्षी लवकर निघाली, कोणाच्या घरी उधारी वाढली, कोणाची मुलगी चौथीनंतर घरी बसली, हे दुकानाच्या गल्ल्यावर महिनाभर आधी समजते. शाळेला ते हजेरीपटावरून नंतर समजते. जूनमध्ये वह्या वाटण्याची प्रथा चांगली आहे, छायाचित्र काढले तरी हरकत नाही. मात्र पाठ्यपुस्तके पहिलीपासून आठवीपर्यंत शासनाकडून मोफत मिळतात आणि वह्या अनेक हातांनी येतात. शिक्षकांना विचारले तर ते दुसरेच काही सांगतात. पाठ्यपुस्तकाबाहेरची, मोठ्या अक्षरांतली, चित्रांची गोष्टींची पुस्तके, जी मुलांनी हाताळून फाटली तरी कोणी रागावणार नाही. पंख्याचे आणि दिव्याचे वीजबिल, जे थकले की टीव्ही संच आणि संगणक कपाटात जातात. आणि डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत मागे राहिलेल्या मुलांसाठी संध्याकाळी तासभर बसणारा गावातलाच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी, मानधनावर. यांतल्या कशावरही दात्याचे नाव कोरता येत नाही.

१ मे २०२५ च्या दुपारपर्यंत पत्रके वाटून झाली. चौथीच्या मुलांनी दाखल्याचे अर्ज दिले. काही आश्रमशाळेत जातील, काही कळवण, अभोण्याच्या माध्यमिक शाळेत. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात एप्रिलमध्ये येऊन गेलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांची यादी शिक्षकांच्या हातात असते. मेळाव्यात या मुलांनी चेंडू टाकला, रंग ओळखले, खडे मोजले, आणि त्यांच्या आयांना सुट्टीत घरी करून घ्यायच्या खेळांची पुस्तिका दिली गेली. सुट्टी लागली तरी शिक्षक ही यादी घेऊन पाड्यावर फिरतात. कोणत्या घरात दाखलपात्र मूल आहे, ते घर जूनमध्ये गावात असेल का, आधार कार्ड निघाले का, हे बघत. शाळा १६ जूनला उघडणार होती.

यादीतल्या एका नावापुढे शिक्षकाने पेन्सिलीने खूण केलेली असते. हे घर द्राक्षबागेतून परतलेले नाही. मुलीचे वय सहा पूर्ण. गुरुवारच्या बाजाराला मुलीचा चुलता येतो, त्याच्याकडे चौकशी करायची आहे. तो कोणत्या दुकानातून किराणा नेतो, तेही कंसात लिहून ठेवलेले असते.